दुसरा गजरा

कौसाबाईनं एका माणसाच्या हातात सुई घातलेली मी पाहिली आहे. टोचली नाही, घातली. हार ओवायची लांब लोखंडी सुई. तो गडी भरदुपारी पिऊन आला होता. टोपलीत हात घालून त्यानं मोगऱ्याची मूठ भरली आणि वर तिच्या गालाला हात लावायला गेला. ती बसल्या जागेवरून उठलीसुद्धा नाही. डाव्या हातानं त्याचं मनगट पाटावर दाबलं, उजव्या हातानं सुई अंगठ्याजवळच्या मांसात घातली आणि म्हणाली, "आता काढ. तुझ्याच हातानं काढ." त्यानं रडत रडत काढली. तिनं ती बादलीतल्या पाण्यात बुचकळली, पदराला पुसली आणि पुढचं फूल ओवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमाला काय पायजे?"

मला एक हार आणि दोन गजरे हवे होते. पण ते सांगायला मला बराच वेळ लागला.

मी नाशिक रोडला एका शाळेत कारकून आहे आणि गेली पंधरा वर्षं एका हौशी मंडळात ऑर्गन वाजवतो. आमचं मंडळ संगीत नाटकं करतं. कोणी विमा एजंट, कोणी शिक्षिका, कोणी अंबडच्या कारखान्यातला सुपरवायझर. ही माणसं रविवारी जरीकाठात गातात आणि सोमवारी बसलेला घसा घेऊन कामावर जातात. प्रयोगाआधी पूजेला हार लागतो आणि नायिकेला गजरे. ते आणण्याचं काम माझ्याकडे, कारण ऑर्गन जागेवर लावून घ्यायला सगळ्यांच्या आधी मीच पोचतो.

नाट्यगृहाच्या फाटकाच्या उजव्या खांबाशी कौसाबाई बसायची. मखमलाबादला थोडी जमीन होती, तिथला मोगरा आणि झेंडू घेऊन यायची. तीस वर्षं तोच खांब. अंगानं काटकुळी, कपाळावर हिरवं गोंदण आणि उजव्या भुवईवर आडवा पांढरा व्रण. आवाज असा की रस्त्यापलीकडचा भेळवाला दचकून चिंचेचं पाणी सांडे. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "हात हाय ना? मग तोंड कशाला चालवायचं?" हे ती गिऱ्हाइकाला म्हणे, पोलिसाला म्हणे, एकदा एका नगरसेवकालाही म्हणाली. नगरसेवक हसले, पण मागे सरकून हसले.

घाटाकडचा एक मोकाट वळू वर्षभर त्या रस्त्यावरच्या फुलवाल्यांना पिडत होता. देवाला सोडलेला, म्हणून त्याला कोणी हात लावत नसे. बाकीचे हात जोडून बाजूला व्हायचे आणि तो टोपल्या फस्त करायचा. एका रविवारी तो कौसाबाईच्या झेंडूत तोंड घालायला आला. तिनं तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं आणि त्याच्या नाकपुडीवर हाणलं. रक्त उडालं ते शेजारच्या लिलीच्या फुलांवर. वळू गुडघ्यावर बसला, उठला आणि रहदारीतून वाट काढत पळाला. शेजारची बाई म्हणाली, "मावशी, देवाचा हाय तो." कौसाबाई म्हणाली, "मग देवानं खायाला घालावं त्याला." पुन्हा तो वळू त्या रस्त्याला दिसला नाही.

अशी ही बाई. मी तिला भीत होतो हे कबूल करतो, आणि मला ती आवडायची हेही. ऑर्गनला ती पेटी म्हणे आणि मला पेटीवाले. "काय पेटीवाले, आत काय चालतं तुमचं?" असं एकदा तिनं विचारलं. तीस वर्षांत ती आत गेली नव्हती. बाहेर टाळ्या तेवढ्या ऐकू यायच्या.

"नाटक. गाणी असतात त्यात," मी म्हणालो.

"मानसं मरत्यात का?"

"कधी कधी."

"मग गानं कोन म्हनतं?"

"तीच. मरायच्या आधी."

यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "एवढा दम असतो व्हय मरनाऱ्याला?" पंधरा वर्षं संगीत नाटकं वाजवून मला हा प्रश्न पडला नव्हता.

दर खेपेला ती आणखी एक प्रश्न विचारी. गजरे दोन कशाला? तेही अगदी सारखे, कळी कमी नाही की जास्त नाही. आमचे दिग्दर्शक मोघे सर त्याबाबतीत फार काटेकोर होते. ती विचारायची, "आत दोन बाया हायेत का?" आणि मी म्हणायचो, "तसंच समजा." खरं कारण सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी ती कधी दिली नाहीत.

तिची एकुलती एक मुलगी वर्षा. नवरा वारल्यावर कौसाबाईनं तिला फुलांवर वाढवली, बारावी केली आणि अंबडला कंपनीत असलेल्या मुलाला दिली. लग्नानंतर दीड वर्षानं ती मला फाटकाशी दिसली. खांबामागे, टोपल्यांच्या आडोशाला, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. खालचा ओठ फुटून सुजला होता आणि गळ्याभोवती बोटांचे वळ होते, मोजता येतील असे. कौसाबाई तिच्याकडे पाठ करून गजरा ओवत होती.

मी म्हणालो, "मावशी, हे काय?"

"संसार," ती म्हणाली.

मी हार घेऊन आत गेलो. प्रयोग संपवून बाहेर आलो, तेव्हा ती मुलीला रिक्षात बसवत होती. फाटकाशी युसूफभाईंची रिक्षा असते, त्याच रिक्षात. मुलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून दिलं होतं, केस विंचरून दिले होते आणि केसांत ताजा गजरा माळला होता. "जा," ती म्हणाली. "हसत जा. बाईनं चार दिस सोसलं का घर तिचं व्हतं." रिक्षा अंबडकडे गेली.

त्यानंतरही दोनदा असंच झालं. दुसऱ्या वेळी तिचा हात गळ्यात बांधलेला होता. तिसऱ्या वेळी ती मान एका बाजूला कलती धरून बसली होती आणि हाक मारली तरी बघत नव्हती. प्रत्येक वेळी तेच. तोंड पुसायचं, केस विंचरायचे, गजरा माळायचा, युसूफभाई.

तिसऱ्या वेळी माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हणालो, "मावशी, वळूला नाही भ्यालात तुम्ही. या जावयाला भिता?"

तिनं सुई थांबवली. मला वाटलं आता माझा हात गेला. पण ती भुवईवरच्या व्रणाला बोट लावून म्हणाली, "हे हिच्या बापानं केलं. इळ्यानं. अकरा वरसं मार खाल्ला मी त्याचा. मग त्याचं अंग लुळं पडलं, तवा मीच त्याला घास भरवला. घर सोडलं नाय. मी सोसलं, ती बी सोसंल." मग हळू आवाजात म्हणाली, "जावयावर हात उचलला तर पोर कुठं जाईल, पेटीवाले? आपला हात सगळ्यांवर चालतो. तिथंच चालत नाय."

तिला मी एवढ्या हळू आवाजात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. मला तिचा राग आला. तिच्या दुःखाचा आदर वगैरे काही वाटला नाही, रागच आला. आणि तरी मी दोन गजरे घेतले आणि आत गेलो.

त्या हिवाळ्यात आमच्या नाटकाचा पंचविसावा प्रयोग होता, रविवारी दुपारी चारला. मंडळानं प्रत्येकाला दोन पास दिले. माझ्या घरच्यांनी ते नाटक इतक्यांदा पाहिलं होतं की पास बघूनच बायको माहेरी गेली. मी एक पास कौसाबाईला दिला. ती म्हणाली, "फुलं कोन बघंल?" युसूफभाई म्हणाले, "मैं देखता हूँ ना मावशी. जा तुम्ही, एकदा बघून तरी या."

ती गेली. पदर डोक्यावरून घेतलेला, लुगडं धुवट, हाताला फुलांचा वास. प्रेक्षागृहाच्या दाराशी तिनं देवळात काढाव्यात तशा चपला काढल्या आणि भिंतीला नीट लावून ठेवल्या. दारावरचा माणूस हसला. तिनं बघितल्यावर त्याचं हसू बंद झालं. तिची खुर्ची पहिल्या रांगेत अगदी कडेला होती, माझ्या ऑर्गनपासून चार हातांवर.

पडदा उघडला आणि तिनं तोंडाला पदर लावला. एवढा उजेड तिनं कुठल्याच घरात पाहिला नव्हता, असं ती मला मध्यंतरात म्हणाली. पहिलं पद सुरू झालं तेव्हा ती पुढे वाकून म्हणाली, "बोलता बोलताच गाया लागली की!" मागच्या रांगेतून कोणी "शूऽ" केलं. तिनं वळून त्याला पाहून घेतलं आणि पुन्हा पुढे बघायला लागली. नायिकेचं काम अनघाताई करायच्या, एका शाळेतल्या शिक्षिका, गोड गळ्याच्या. त्या समोरून गेल्या तेव्हा कौसाबाईनं शेजारच्या अनोळखी बाईला कोपर मारून सांगितलं, "तो गजरा माझा हाय." पदाला टाळ्या पडल्या तेव्हा तिनंही वाजवल्या, सगळ्यांच्या थोड्या नंतर. मला फार बरं वाटलं. म्हटलं, बघा, संगीताची गोडी कशी कोणालाही लागते. असले विचार मला वाजवताना येतात.

मध्यंतरात मी तिला चहा आणून दिला. ती म्हणाली, "पेटीवाले, हितं समद्यांना मनातलं बोलाया गानं देत्यात. लय चांगलं हाय."

दुसऱ्या अंकात आमच्या नाटकातला सगळ्यात गाजलेला प्रसंग आहे. नाटक मोघे सरांनीच लिहिलेलं. नवऱ्याला बायकोचा संशय येतो. तो तिला केसांना धरून आतून फरफटत अंगणात आणतो, लाथ घालतो आणि दार लावून घेतो. केसांतला गजरा तुटून फुलं रंगमंचभर पसरतात. ती उंबऱ्यावर डोकं ठेवून गाते, मारलंस तरी संध्याकाळी दिवा मीच लावीन, अशा अर्थाचं पद. त्याला हमखास वन्स मोअर मिळतो. वन्स मोअर म्हणजे पद पुन्हा म्हणायचं, एवढंच खरं तर. पण मोघे सरांच्या ध्यानात आलं होतं की टाळ्या फरफटवण्यालाही पडतात. म्हणून त्यांनी बसवलं होतं की वन्स मोअर आला की दिवे क्षणभर मंद करायचे, अनघाताईंनी विंगेत जाऊन केसांत नवा गजरा खोचायचा आणि प्रसंग केस धरण्यापासून पुन्हा घ्यायचा. दुसरा गजरा त्यासाठी होता.

त्या दिवशी फरफटणं नेहमीपेक्षा रंगलं. अनघाताईंचं कोपर फळीवर आपटल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. गजरा तुटला आणि दोन कळ्या घरंगळत कौसाबाईच्या पायाशी येऊन पडल्या. ती ताठ बसली होती. पद संपलं. टाळ्या झाल्या आणि मागून आरोळ्या आल्या, वन्स मोअर, वन्स मोअर.

तिनं मला विचारलं, "काय म्हनती ही मानसं?"

"पुन्हा करा म्हणताहेत."

"गानं?"

मी उत्तर द्यायच्या आधी दिवे मंद झाले. उजळले तेव्हा अनघाताईंच्या केसांत नवा गजरा होता. नवऱ्याचं काम करणाऱ्या गृहस्थांनी हात घातला, मूठ आवळली आणि पुन्हा फरफट सुरू झाली. पुन्हा टाळ्या.

कौसाबाई उभी राहिली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. "पेटीवाले," ती म्हणाली, "दुसरा गजरा ह्याच्यासाठी व्हता?"

माझी बोटं पट्ट्यांवर होती. पदाचा सूर मला द्यायचा होता. मी मान हलवली, हो म्हणून, आणि सूर दिला. हे मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. मी सूर दिला.

ती बाजूच्या पायऱ्यांवरून रंगमंचावर चढली. अनवाणी. मला वाटलं, आता ती त्या नवऱ्याला झोडपणार. त्यांनाही तेच वाटलं असावं, कारण ते दोन पावलं मागे सरून दाराला टेकले. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती अनघाताईंजवळ गुडघ्यावर बसली आणि त्यांच्या केसांतून तो दुसरा गजरा ओढून काढला. केसही ओढले गेले असतील, अनघाताई कळवळल्या. मग ती प्रेक्षकांकडे वळली. हातातला गजरा दोन्ही हातांनी ताणून तोडला आणि म्हणाली, "एकदा बघितलं ना? परत कशाला पायजे?"

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते नाटकातलंच वाटलं. त्या टाळ्यांनी मात्र तिचा चेहरा बदलला. तिथं उभ्या उभ्या तिला काहीतरी समजलं, आणि ते नाटकाबद्दल नव्हतं. ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मीच माळला." मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. मग ती उतरली आणि मधल्या वाटेनं पळत बाहेर गेली.

मी मागोमाग गेलो नाही. माझा तिसरा अंक बाकी होता. पडदा पाडून दहा मिनिटांनी आम्ही पुढचं नाटक केलं आणि ते चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. बाहेर आलो तेव्हा उजव्या खांबाशी टोपल्या तशाच होत्या, तराजू कलंडलेला होता आणि युसूफभाईंची रिक्षा नव्हती. प्रेक्षागृहाच्या भिंतीशी चपला होत्या. त्या मी घरी नेल्या.

पुढचं मला युसूफभाईंनी सांगितलं. "मावशी आली, वजन उचललं, रिक्षात बसली. अंबड म्हणाली. मी विचारलं नाही. तीन वेळा मीच सोडलं होतं त्या पोरीला तिथं. काय विचारणार?"

सुट्टीचा दिवस होता, चाळीत सगळी घरात होती. वर्षाच्या खोलीचं दार आतून बंद, टीव्ही मोठ्यानं लावलेला आणि त्याखालून पट्ट्याच्या फटक्यांचा आवाज. शेजारी ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. एकजण कौसाबाईला म्हणाला, "रोजचंच हाय मावशी." तिनं दोन किलोचं वजन दाराच्या कडीवर घातलं. तिसऱ्या घावाला कडी उखडली. आत वर्षा शिलाई मशीनच्या पायाला धरून पडली होती आणि जावई तिच्या पाठीवर पाय देऊन उभा होता. हातात कंबरेचा पट्टा, बकलाच्या बाजूनं. सासूला बघून तो म्हणाला, "तुम्ही मधी पडू नका, आई." तिनं वजन त्याच्या मनगटावर मारलं. युसूफभाई म्हणाले, हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत आला. तो खाली बसून ओरडायला लागला. कौसाबाईनं पट्टा उचलून खिडकीबाहेर फेकला, मुलीला काखेत धरून उठवलं आणि बाहेर आली. शेंगा सोलणाऱ्यांपाशी क्षणभर थांबली. त्यांनी माना खाली घातल्या.

पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या. तिनं आपला जबाब एका दमात दिला, "लिवा. दोन किलोचं वजन. एकदाच मारलं." आणि वजन टेबलावर ठेवलं. ते तिला परत मिळालं नाही.

वर्षाच्या पाठीला टाके पडले. मी दवाखान्यात चपला द्यायला गेलो, तेव्हा डॉक्टर कौसाबाईशी बोलत होते. डाव्या कानाचा पडदा फाटलाय, आत बराच पू झालाय, ऐकू येणं परत येणार नाही. कौसाबाई म्हणाली, "काल मारलं त्यानं." डॉक्टरांनी मान हलवली. "हे कालचं नाही, मावशी. याला दोन-तीन महिने झाले असतील. तेव्हाच आणायला हवं होतं."

दोन-तीन महिन्यांपूर्वी वर्षा खांबामागे मान कलती करून बसली होती. हाक मारली तरी बघत नव्हती. मी तिथं होतो. कौसाबाईनं भिंतीवर हात ठेवला आणि डोकं त्या हातावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी तिचा खांदा धरला. तिनं मला ढकललं आणि मी औषधांच्या गाडीवर जाऊन पडलो. मला खरचटलं. त्याचं मला बरंच वाटलं.

मोघे सरांना मी सांगितलं, वन्स मोअरला फक्त पद घेऊ, फरफट नको. ते म्हणाले, प्रेक्षक काय म्हणतील? मी म्हणालो, मग सूर दुसऱ्या कोणाकडून घ्या. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस फोन करून म्हणाले, बरं, फक्त पद. अनघाताईंनीही त्यांना तेच सांगितलं होतं, कोपर दाखवून.

गेल्या रविवारी प्रयोग होता. मी हार-गजरा आणायला फाटकाशी गेलो. टोपल्यांपाशी आता दोघी बसतात. वर्षा खांबाला टेकून ओवत होती, हात आईसारखाच चालतो तिचा. पण कौसाबाई तिच्या तीस वर्षांच्या जागेवर नव्हती. ती वर्षाच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला उन्हात बसली होती. मी म्हणालो, "मावशी, सावली सोडून इकडे का?"

"ह्या अंगानं तिला ऐकू येत नाय," ती म्हणाली. "इकडून कोन आलं तर मला आधी कळाया पायजे."

तिनं हार दिला. गजरा दिला. एकच. मी मागितलाही एकच होता.

तेवढ्यात युसूफभाईंनी रस्त्याकडून हाक मारली, "वर्षा बेटी, चहा घेते का?" वर्षाचं लक्ष नव्हतं. तिचा हात ओवत राहिला. त्यांनी पुन्हा हाक मारली. कौसाबाईनं आपल्या हातातली सुई उलटी केली आणि तिचं बोथट टोक वर्षाच्या गुडघ्याला हळूच लावलं. तेव्हा वर्षानं मान वळवली.